ओटीपी तर तुम्हीच दिला ना!

जुलै उजाडला की आमच्या नागपूरच्या धरमपेठेतल्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. रिटर्नची शेवटची तारीख जवळ आली की लोक पिशव्या भरभरून कागद आणून टाकतात. फॉर्म सोळा, पासबुकं, विम्याच्या पावत्या आणि कुणी न मागताच क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट्स. ती मला लागत नाहीत, पण पंधरा वर्षं हिशेबाच्या कामात काढल्यावर आकड्यांचा कागद न वाचता बाजूला ठेवणं जमत नाही. मागच्या जुलैत आमच्या शेजारच्या काकांच्या पिशवीत असंच एक स्टेटमेंट निघालं. वेकोलितून, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीतून निवृत्त झालेला माणूस, खर्च तो किती असणार? पेट्रोल, औषधं, विजेचं बिल. आणि मध्येच ४,७२० रुपये. समोर नाव कुठल्याशा सर्व्हिसेस प्रायव्हेट लिमिटेडचं, गाव गुरुग्राम.

"काका, हे काय आहे?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ धरला. "आपलं नाही ते. मी काहून जातो गुरुग्रामले?"

४,७२० हा आकडा बोलका असतो. चार हजार अधिक अठरा टक्के जीएसटी. मी मागच्या वर्षीचं स्टेटमेंट शोधून काढायला लावलं. त्याच आठवड्यात, तोच आकडा, तेच गुरुग्राम. मग काकूंना आठवलं. "अहो, तो फोन नव्हता का आला, केकवाला!" दोन वर्षांपूर्वी एका मुलीचा फोन आला होता. मोठ्या हॉटेलात एका बुफेवर दुसरा मोफत, वाढदिवसाला केक, एक रात्र मुक्काम, सगळं चार हजारांत. काकांनी फोनवर आलेली लिंक उघडली, कार्डाचा नंबर घातला, ओटीपी घातला. नंतर दोनदा ते जेवायला गेले. पहिल्यांदा सांगितलं, शनिवार-रविवारी हे चालत नाही. दुसऱ्यांदा चाललं, पण काकांचा बुफे मोफत ठरला तरी काकूंच्या ताटाचं बिल घरच्या चार दिवसांच्या भाजीएवढं झालं. ते सोनेरी कार्ड तेव्हापासून कपाटाच्या खणात लॉकरच्या किल्लीखाली पडून होतं. हॉटेलचं नाव एक, क्लबचं दुसरं आणि बिलावर तिसरंच, त्यामुळे पैसे कटले तरी काकांना ते आपल्या केकाचे आहेत हे कळायला मार्गच नव्हता.

बँकेच्या कस्टमर केअरला मीच फोन लावला. तिकडच्या मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि हिंदीत जे सांगितलं त्याचा मराठी अर्थ एवढाच: मॅडम, ओटीपी तर त्यांनीच दिला ना!

तो मुलगा खोटं बोलत नव्हता. नियमाने बोलत होता. माझी तक्रार त्या नियमाबद्दल आहे. ओटीपीने काय सिद्ध होतं? त्या क्षणी तो फोन त्या माणसाच्या हातात होता, एवढंच. आपण काय विकत घेतोय, किती वर्षांसाठी, दरवर्षी आपोआप पैसे जाणार आहेत का, थांबवायचं तर कुठे थांबवायचं, यातलं काहीही त्या माणसाला ठाऊक होतं असं त्या सहा आकड्यांतून सिद्ध होत नाही. पण आपल्या बँकिंग व्यवस्थेत ओटीपीला संमतीचा दर्जा मिळालाय, तोही कायमच्या संमतीचा. एकदा 'हो' म्हटलं की पुढच्या सगळ्या वर्षांना ते पुरतं.

रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या संरक्षणासाठी काही केलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने मोठं काम केलं. तुमची चूक नसताना तिऱ्हाइताने तुमच्या कार्डावरून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं, तर तुमच्यावर एका रुपयाचीही जबाबदारी नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित जबाबदारी. कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करायची आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. पुढे २०२० मध्ये कार्डाचा ऑनलाइन वापर, परदेशी वापर, नुसतं टेकवून पैसे देणं, हे सगळं ग्राहकाला हवं तेव्हा चालू-बंद करता यायला हवं असा नियम आला. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला तुमच्या कार्डाचा नंबर स्वतःकडे साठवून ठेवायला बंदी झाली, त्याच्याकडे फक्त टोकन, म्हणजे नंबराच्या जागी वापरायचा सांकेतिक क्रमांक राहतो. हे सगळं उत्तम झालं. पण कुलपं सगळी चोरासाठी आहेत. कार्डाचा नंबर चोरणं अवघड झालं तेव्हा त्या धंद्यातल्या हुशार लोकांनी ओळखलं की नंबर चोरायची गरजच काय, माणसाकडून 'हो' काढून घ्या. चोराने नेलं तर बँक भरून देते, गोड बोलून नेलं तर तुम्ही शहाणं व्हायला हवं होतं.

आता दुसरी गोष्ट, माझीच. लपवण्यासारखं काही नाही, कारण त्यात मी फारशी शहाणी ठरलेली नाही.

एका प्रदर्शनाच्या दारात एक मुलगा कूपन भरून घेत होता. लकी ड्रॉ. नाव, फोन नंबर, वय, लग्न झालंय का, महिन्याचं उत्पन्न आणि शेवटच्या रकान्यात, कोणत्या बँकेचं क्रेडिट कार्ड वापरता? मी हिशेबाची बाई, मलाही त्या रकान्याचं काही वाटलं नाही. भरून टाकलं. आठवड्याने फोन आला, अभिनंदन, तुम्हाला भेटवस्तू लागली आहे. अट एकच, नवराबायको दोघांनी यायचं, येताना ओळखपत्र आणि क्रेडिट कार्ड आणायचं. "बक्षीस घ्यायला कार्ड कायले पाहिजे?" असं नवरा म्हणाला. आणि तरी आम्ही गेलो. मे महिना होता. नागपुरात मे महिन्यात वर्धा रोडवरच्या हॉटेलात थंडगार हॉलमध्ये कुणी दोन तास फुकट बसवत असेल, तर त्याचं अर्धं काम दारातच झालेलं असतं.

आत गोल टेबलं. प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि एक सूट घातलेला मुलगा. गाणी इतकी मोठ्याने की आपल्याच नवऱ्याशी हळू आवाजात दोन शब्द बोलता येऊ नयेत. आधी लोणावळा, मग गोवा, मग थायलंडचे फोटो. मग प्रश्न: ताई, मागच्या पाच वर्षांत मुलांना कुठे नेलं? या प्रश्नाला आई म्हणून जे वाटायचं ते वाटतंच, आणि त्यांना ते माहीत असतं. पंचवीस वर्षांच्या सहली, साडेचार लाख. आम्ही नाही म्हटल्यावर मॅनेजर आला, दोन लाख ऐंशी हजार. त्याचा वरिष्ठ आला, एक लाख पंच्याऐंशी हजार, फक्त आज, फक्त या टेबलावर. मध्येच कुठल्यातरी टेबलावर मशीनमध्ये कार्ड जायचं, माइकवर त्या कुटुंबाचं नाव पुकारलं जायचं, सगळे टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या. करारपत्र मागितलं तर म्हणाले, ते पेमेंट झाल्यावर निघतं, सिस्टिमच तशी आहे.

आम्ही वाचलो त्याचं श्रेय अकलेला नाही. आमच्या कार्डाची मर्यादाच ऐंशी हजार होती. तो मुलगा त्यावरही म्हणाला, सरांचं दुसरं कार्ड असेल ना, दोन भागांत घासू. दुसरं कार्ड नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याकडे होतं.

त्या जोडप्याचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही, पण हिशेब मांडता येतो. एक लाख पंच्याऐंशी हजारांचे चोवीस हप्ते, वर्षाला पंधरा टक्के व्याज धरलं तर महिना नऊ हजारांच्या जरा आत. दोन वर्षांत तीस हजारांवर व्याज आणि त्या व्याजावर पुन्हा अठरा टक्के जीएसटी, म्हणजे साडेपाच हजारांच्या आसपास. शिवाय बहुतेक क्लबांचं वार्षिक देखभाल शुल्क असतं, ते तुम्ही सहलीला जा अथवा घरी बसा, भरावंच लागतं. दिवाळीत आणि मे महिन्यात, म्हणजे मुलांना सुट्ट्या असतात नेमक्या तेव्हा, खोल्या मिळत नाहीत हे नंतर कळतं. मग रद्द करायला जावं तर क्लब म्हणतो करारातलं अमुक कलम वाचा आणि बँक म्हणते हप्ते चालूच राहतील, कर्ज तुमचं आहे, क्लबशी तुमचं काय ते तुम्ही बघा. बँकेला दुकानदाराकडून प्रत्येक व्यवहारावर कमिशन मिळालेलं असतं, वर तुमच्याकडून व्याज. दोन्हीकडून मिळत असताना मध्ये पडून भांडण सोडवायची घाई तिला का असावी?

याच पद्धतीने, म्हणजे टेबलावर बसवून, आजच सही करा म्हणत, विमाही विकला जातो. पण आयुर्विमा किंवा आरोग्यविमा घेतल्यावर पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवस ती परत करायची मुभा २०२४ च्या नियमांनी दिली आहे. एजंटाने काय सांगितलं आणि कागदावर काय आहे, हे घरी जाऊन, मुलाला विचारून, चष्मा लावून बघायला महिना मिळतो. सहलीच्या क्लबाला असं बंधन नाही. क्लब स्वतःहून दहा दिवस देईल तेवढेच, आणि तेही करारातल्या बारीक अक्षरांत. युरोपात २००८ च्या टाइमशेअर (म्हणजे सहलीच्या मुक्कामाचे हक्क वर्षांनुवर्षांसाठी आधीच विकणं) निर्देशानुसार अशा करारातून बाहेर पडायला चौदा दिवस मिळतात. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती दुसरी तरतूद. त्या चौदा दिवसांत ग्राहकाकडून आगाऊ पैसेच घ्यायचे नाहीत. एक पैसाही नाही, हमी म्हणूनही नाही. म्हणजे त्या हॉलमध्ये कार्डाचं मशीनच आणता येत नाही. हा नियम उद्या वर्धा रोडला लागू झाला तर किती हॉल बुक होतील सांगा. पंधरवड्यानंतर, गाणी आणि टाळ्या नसताना, घरच्या खुर्चीत बसून जो माणूस एक लाख पंच्याऐंशी हजार द्यायला तयार असेल त्याने खुशाल द्यावेत.

वार्षिक वर्गणीवाल्या क्लबांचा प्रकार त्याहून शांत असतो. तिथे कुणी टाळ्या वाजवत नाही, तिथे सगळी भिस्त तुमच्या विसरण्यावर असते. आपोआप कटणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेची ई-मँडेटची, म्हणजे कपातीची परवानगी एकदाच देऊन ठेवायची व्यवस्था आहे. पहिल्या वेळी ओटीपी लागतो, पुढच्या प्रत्येक कपातीआधी किमान चोवीस तास बँकेने कळवायचं आणि ग्राहकाला नको असेल तर तिथेच थांबवता यायला हवं. २०१९ मध्ये ही योजना आली तेव्हा ओटीपीशिवाय कटणाऱ्या रकमेची मर्यादा २,००० होती. ती आधी ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,०००. कारण दिलं गेलं ते लोकांच्या सोयीचं. सोय खरीच आहे, मोबाइलचं बिल भरायला दर महिन्याला ओटीपी कोण घालत बसेल? पण त्याच दारातून काकांचे ४,७२० निघून गेले. मूळच्या दोन हजारांच्या मर्यादेत ते अडले असते. काकांना फोन हातात घेऊन 'हे काय?' एवढं तरी म्हणावं लागलं असतं.

चोवीस तास आधीचा मेसेज आला होता का? आला होता, आम्ही शोधून काढला. काकांच्या फोनमध्ये न वाचलेले मेसेज चार हजारांवर होते. रमीची जाहिरात, कर्ज मंजूर झाल्याची थाप, त्यांच्या मधोमध तो. इंग्रजीत, क्लबचं नाव नाही, फक्त त्या गुरुग्रामच्या कंपनीचं आखूड केलेलं नाव आणि मँडेटचा लांबलचक क्रमांक. गंमत म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात ही सूचना स्पष्ट आणि समजेल अशा भाषेत असावी असं लिहिलेलं आहे. चाळीस वर्षं कोळसा खाणींच्या ऑफिसात काढलेल्या माणसाला जो मेसेज कळत नाही तो कुणाला समजेल अशा भाषेत आहे? त्याच बँकेचं 'तुम्हाला वैयक्तिक कर्ज मंजूर' हे मात्र सुंदर मराठीत येतं.

हा धंदा नागपुरी नाही आणि नवाही नाही. सवलतीच्या क्लबांचं माहेर अमेरिका. तिथे लोक इंटरनेटवर फुलं किंवा सिनेमाची तिकिटं घ्यायचे, पैसे भरून झाले की समोर 'दहा डॉलर परत मिळवा' अशी पाटी यायची, तिच्यावर बोट ठेवलं की आपण एका सवलत क्लबाचे सभासद. कार्डाचा नंबर पुन्हा द्यावाही लागत नसे, दुकानदारच तो क्लबाकडे सरकवायचा. २००९ मध्ये तिथल्या सेनेटच्या वाणिज्य समितीने चौकशी केली तेव्हा अशा तीन कंपन्यांच्या विक्रीतून ग्राहकांच्या खिशातले १४० कोटी डॉलर गेल्याचं समोर आलं. २०१० मध्ये कायदा झाला आणि नंबर परस्पर सरकवायला बंदी आली. तरी गोष्ट संपली नाही. अॅमेझॉनच्या प्राइम सदस्यत्वावरून तिथल्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये खटला भरला. त्यात उघड झालं की सदस्यत्व रद्द करायच्या वाटेला कंपनीत 'इलियड' म्हणत असत, होमरचं ते लांबलचक युद्धकाव्य. आपल्याकडे महाभारत म्हटलं असतं. म्हणजे वाट लांब आहे हे वाट बांधणाऱ्यांना चांगलंच ठाऊक होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ते प्रकरण अडीचशे कोटी डॉलरना मिटलं.

आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांना मनाई केली. त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे: रद्द करायचं बटण लपवणं, रद्द करणं किचकट करणं, फुकट चाचणीसाठी कार्डाचे तपशील मागणं. चांगली यादी आहे. फक्त ती पडद्यावरच्या मांडणीबद्दल आहे. वर्धा रोडवरचा हॉल हा पडदा नाही आणि केकवाल्या मुलीचा फोनही नाही.

धंदेवाल्यांची बाजूही मला माहीत आहे, त्यांचीही रिटर्न्स आम्हीच भरतो. १ ऑक्टोबर २०२१ ला ई-मँडेटचे नियम पूर्णपणे लागू झाले तेव्हा हजारो जणांच्या कपाती एका रात्रीत अडकल्या. त्यात प्रामाणिक लोकही भरडले गेले, छोटी मासिकं, शिकवण्या, देणग्यांवर चालणाऱ्या संस्था. वाचकाला मासिक हवं असायचं, पैसेही द्यायचे असायचे, पण बँकेचं आणि पोर्टलचं जुळत नव्हतं. म्हणून सगळ्याच आपोआप कपाती बंद करा असं मी म्हणत नाही. दरमहा वापर होतो, दरमहा मोजता येतो, ते चालू द्या. पण वर्षातून एकदा घेतल्या जाणाऱ्या सभासद शुल्काला ओटीपीतून सूट कशाला? वर्षातून एकदा विचारायचंय फक्त. एकदा विचारल्यावर जे गिऱ्हाईक जातं ते मुळात गिऱ्हाईक होतं का, की नुसता चालू राहिलेला नळ?

"मोठी माणसं आहेत, वाचून सही करावी," असंही ऐकते. हे म्हणणारा माणूस स्वतः अॅप टाकताना 'मी सहमत आहे' यावर किती वेळ थांबतो हे त्याने एकदा घड्याळ लावून बघावं.

वर्गणी हा आपला जुना शब्द. सीताबर्डीतल्या वाचनालयात बाबा माझं बोट धरून न्यायचे तेव्हा वर्गणी संपली की टेबलामागचे गृहस्थ जाड वहीतून मान वर करून विचारायचे, "यंदा चालू ठेवायची का?" एखाद्या वर्षी बाबा म्हणायचे, नको, पोरीच्या परीक्षा आहेत. वहीत रेघ ओढली जायची आणि पुढच्या वर्षी त्याच पानावर पुन्हा नाव लागायचं. आईच्या भिशीतही दर महिन्याला पैसे हातावर ठेवावे लागायचे, कुणी गप्प आहे म्हणून तिच्या पर्समधून काढून घेतले नाहीत. गप्प बसणं म्हणजे होकार, ही समजूत आपल्या व्यवहारात कधी नव्हती. लग्नाच्या बोलणीत होती म्हणतात, आणि तिथेही तिने फार भलं केलं असं नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात एक तत्त्व आहे: संमती देणं जितकं सोपं होतं तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. ते माहितीसाठी आहे. माझं नाव, माझा फोन नंबर परत मागायला जो न्याय, तो माझ्या पैशाला का नको? लिंकवर एका बोटाने सभासद करून घेतलंत, तर बाहेर पडायचं बटणही त्याच पानावर, त्याच आकाराचं हवं. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून असं रद्द करायचं बटण कायद्याने सक्तीचं आहे. आकाश कोसळलेलं नाही.

काकांच्या प्रकरणात पुढे काय केलं ते सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की गेले ते गेले. बँकेच्या अॅपमध्ये चालू मँडेटांची यादी असते. ती सापडायला वीस मिनिटं लागली, पण काकांचं मँडेट तिथून एका मिनिटात रद्द झालं, त्यासाठी क्लबाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत. परदेशी व्यवहार बंद केले. बाहेरच्या अनेक साइट ओटीपी न मागताच पैसे ओढतात आणि काका काही पॅरिसहून खरेदी करत नाहीत. मग बँकेकडे लेखी तक्रार. फोनवरच्या तक्रारीचा मागमूस राहत नाही. अकराव्या दिवशी उत्तर आलं: व्यवहार ओटीपीने प्रमाणित, तक्रार बंद. मी पुन्हा लिहिलं. २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांनुसार बिलावर आक्षेप घेतला तर बँकेने तीस दिवसांत खुलासा आणि लागेल तिथे कागदोपत्री पुरावा द्यायचा असतो. तो द्या, म्हटलं, काकांनी दरवर्षीच्या कपातीला हो म्हटल्याचा कागद दाखवा. शिवाय कार्डाच्या नेटवर्कांच्या नियमांत दिशाभूल करून केलेली विक्री आणि रद्द केलेली आवर्ती कपात ही चार्जबॅकची, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत घ्यायची, वेगळी कारणं आहेत, त्यांचा उल्लेख केला. शाखेतल्या कुणालाही हे ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असल्याचं त्यांनी दाखवलं नाही. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही पत्रात लिहिलं. क्लबासाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर होताच. आणि जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने मोठी सोय केली आहे, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पूर्वी कंपनीच्या गावाला खेटे घालायची वेळ यायची. आता गुरुग्रामने नागपूरला यायचं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

तिथवर जावं लागलं नाही. पंचविसाव्या दिवशी त्या वर्षीचे ४,७२० काकांच्या कार्डावर उलटे जमा झाले. पत्र नाही, खुलासा नाही. आधीच्या वर्षीच्या कपातीबद्दल अजून कुणी बोललेलं नाही. पहिल्या वर्षाचे काकांनी समजूनउमजून दिले होते, त्याबद्दल त्यांचीही तक्रार नाही.

नंतर एक धोका आला तो वेगळाच. महिनाभरात एकाचा फोन. "सर, तुमच्या क्लबाच्या रिफंड विभागातून बोलतोय, राहिलेली रक्कम परत करायची आहे, एक ओटीपी येईल तेवढा सांगा." सभासदांच्या याद्या कुठून कुठे फिरतात कोण जाणे. एकदा फसलेल्या माणसाच्या नावाला त्या बाजारात भाव जास्त असणार. काकांनी फोन काकूंच्या हातात दिला. काकूंनी काय सांगितलं ते इथे छापण्यासारखं नाही, पण अस्सल वऱ्हाडीत होतं. असा फोन आला आणि चुकून ओटीपी दिला गेलाच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवायचं, तासाभराचाही उशीर महाग पडतो.

माझ्या मागण्या दोनच आहेत. विक्रीच्या टेबलावर त्याच दिवशी कार्ड घासायला बंदी. आणि वार्षिक सभासद शुल्क ओटीपीशिवाय, मराठी माणसाला मराठीत विचारल्याशिवाय कटता कामा नये. दुसरीसाठी संसदेचीही गरज नाही, रिझर्व्ह बँकेचं एक परिपत्रक पुरे. मर्यादा दोनदा वाढवायला तेवढंच लागलं होतं.

यंदा जूनमध्ये काकांना पुन्हा त्या क्लबाचा फोन आला. मँडेट उरलेलं नसल्यामुळे त्यांना विचारणं भाग होतं. मुलीने नम्रपणे विचारलं, सर, सदस्यत्व पुढे चालू ठेवायचं का? पहिल्या फोननंतर त्यांनी काकांना हे कधी विचारलंच नव्हतं. काका म्हणाले, "नाही." ती म्हणाली, "ठीक आहे सर." अर्ध्या मिनिटात फोन संपला.